समांतर चित्रपट, भारतीय : उपेक्षित कृती

व्यावसायिक यशाची रूढ सूत्रे बाजूस सारून चित्रपटमाध्यमाच्या स्वतंत्र अभिव्यक्तिशक्तीचा शोध घेणाऱ्या चित्रपटांना स्थूलमानाने ‘समांतर चित्रपट’, ‘नवचित्रपट’ किंवा ‘कलात्मक चित्रपट’ अशा संज्ञा आहेत. भारतात या प्रवाहाचा उगम सामान्यतः सत्यजित राय यांच्या *पथेर पांचाली* (१९५५) या बंगाली चित्रपटापासून मानला जातो. मृणाल सेन यांचा *भुवन शोम* (१९६९) आणि श्याम बेनेगल यांचा *अंकुर* (१९७४) हे त्याचे सर्वपरिचित टप्पे होत. या परिचित कृतींच्या जोडीने असे अनेक चित्रपट निर्माण झाले, की ज्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले, परदेशी महोत्सवांत मान मिळाला. परंतु ज्या प्रेक्षकांसाठी ते घडविले गेले, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत. काही पुरेसे प्रदर्शितच झाले नाहीत, काही दशकानुदशके डब्यांत पडून राहिले, तर काहींची मूळ ऋणचित्रे नष्ट झाली. या उपेक्षित कृती वगळून लिहिलेला भारतीय चित्रपटाचा इतिहास एकांगी ठरतो.

पार्श्वभूमी : स्वातंत्र्यप्राप्तीनंतर चित्रपट व्यवसायाच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५१ मध्ये सादर झाला. चित्रपटनिर्मितीसाठी अर्थसाहाय्य करणारी संस्था, चित्रपटकलेचे शिक्षण देणारी संस्था आणि चित्रपटांचा संग्रह यांची आवश्यकता या काळातील विचारमंथनातून पुढे आली. त्यानुसार १९६० मध्ये चित्रपट अर्थसाहाय्य महामंडळ (फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन) स्थापन झाले. त्याच वर्षी पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या वास्तूत, फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. पुढे तिलाच भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था असे नाव मिळाले. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू करण्यात आले.

प्रारंभी महामंडळाची कर्जे प्रामुख्याने प्रस्थापित दिग्दर्शकांना मिळत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे धोरण बदलले आणि अल्प खर्चाच्या, नवोदितांच्या चित्रपटांना साहाय्य देण्यास सुरुवात झाली. बासू चतर्जी यांचा *सारा आकाश* (१९६९), *भुवन शोम* आणि मणी कौल यांचा *उसकी रोटी* (१९६९) हे या बदललेल्या धोरणाचे पहिले फलित होय. मात्र निर्मितीसाठी कर्ज देणाऱ्या या व्यवस्थेत वितरणाची व प्रदर्शनाची तरतूद जवळजवळ नव्हती. चित्रपट तयार होई, त्याचे परीक्षण होई, प्रसंगी त्यास पुरस्कारही मिळे. चित्रपटगृह मात्र मिळत नसे. पुढील उपेक्षेचे बीज या एकाच उणिवेत होते.

ऋत्विक घटक : उपेक्षेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक (१९२५–७६) यांचा निर्देश करावा लागेल. त्यांचा पहिला पूर्ण चित्रपट *नागरिक* १९५२ मध्ये, म्हणजे *पथेर पांचाली*च्या तीन वर्षे आधी पूर्ण झाला होता. फाळणीनंतरच्या कलकत्त्यात नोकरीच्या शोधात असलेला एक तरुण आणि त्याचे हळूहळू खालच्या थरात ढकलले जाणारे कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंब हा त्याचा विषय. तो त्या वेळी प्रदर्शित झाला नाही. १९७७ मध्ये, घटक यांच्या मृत्यूनंतर सुमारे दीड वर्षाने तो प्रथमच प्रेक्षकांसमोर आला. तो वेळीच प्रदर्शित झाला असता, तर भारतीय नवचित्रपटाच्या प्रारंभाची तारीख कदाचित वेगळी मांडावी लागली असती.

*अजांत्रिक* (१९५८) हा घटक यांचा दुसरा चित्रपट सुबोध घोष यांच्या कथेवर आधारलेला आहे. छोटा नागपूरच्या पठारावर टॅक्सी चालविणारा बिमल आणि त्याची ‘जगद्दल’ नावाची मोडकळीस आलेली जुनी शेव्हरोले गाडी यांच्यातील नाते त्यात रंगविले आहे. निर्जीव यंत्रावर मानवी भाव आरोपित करणारा हा चित्रपट विनोद आणि शोक यांच्या सीमारेषेवर वावरतो. ध्वनीचा इतका स्वतंत्र उपयोग तत्कालीन भारतीय चित्रपटात क्वचितच आढळतो : गाडीचे श्वास, कुरकुर आणि हुंदके जणू एखाद्या पात्राचे संवाद म्हणून ऐकू येतात. उराँव आदिवासींच्या नृत्याची दृश्ये त्यात केवळ शोभेसाठी योजिलेली नाहीत. यंत्राशी नव्याने जडलेल्या माणसाच्या नात्याला ती एक प्राचीन संदर्भ पुरवितात. घटक यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास पुण्याच्या संस्थेत अल्पकाळ अध्यापन केले व उपप्राचार्यपदही सांभाळले. मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन एब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. स्वतःच्या चित्रपटांना न लाभलेला वारसा त्यांना वर्गात लाभला, असे म्हणता येईल.

मणी कौल व कुमार शहानी : मणी कौल (१९४४–२०११) यांचा *उसकी रोटी* मोहन राकेश यांच्या कथेवर आधारित आहे. बस चालविणाऱ्या नवऱ्यासाठी रोज भाकरी घेऊन रस्त्याच्या कडेला थांबणारी बालो ही पंजाबी स्त्री, एके दिवशी तिला झालेला उशीर आणि नवऱ्याचा राग एवढेच त्याचे कथानक. कौल यांनी घटनेपेक्षा प्रतीक्षेला चित्ररूप दिले. के. के. महाजन यांनी त्याचे छायालेखन प्रामुख्याने दोन भिंगांच्या साहाय्याने केले. एकात दूरवरचा परिसर स्पष्ट दिसतो, तर दुसऱ्यात चेहरा किंवा हात परिसरापासून अलग होतात. प्रत्यक्ष घडणारे आणि मनात घडणारे यांतील भेद अशा रीतीने केवळ दृश्याच्या पोतातून सूचित होतो आणि पुढे पुढे तो भेदही पुसट होत जातो. भावनाट्याची सवय असलेल्या प्रेक्षकांना व वितरकांना हे रूप परके वाटले. समीक्षकांचा पुरस्कार मिळूनही या चित्रपटास नियमित व्यावसायिक प्रदर्शन लाभले नाही.

मोहन राकेश यांच्या नाटकावर आधारित *आषाढ का एक दिन* (१९७१) या कौल यांच्या दुसऱ्या चित्रपटात मल्लिकेची भूमिका रेखा सबनीस यांनी, तर कालिदासाची भूमिका पुढे मराठीत चित्रपटविषयक महत्त्वाचे लेखन करणारे अरुण खोपकर यांनी केली. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरील *दुविधा* (१९७३) या रंगीत चित्रपटासाठी कौल यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नवविवाहितेच्या प्रेमात पडून तिच्या परगावी गेलेल्या पतीचे रूप घेणाऱ्या भुताची ही कथा आहे. लघुचित्रशैलीची आठवण करून देणारी रंगयोजना, स्थिर चौकटी आणि निवेदनाचा संयत स्वर यांमुळे स्त्रीच्या निवडीचा प्रश्न येथे आरडाओरडा न करता मांडला जातो. याच कथेवर २००५ मध्ये *पहेली* हा लोकप्रिय तारेतारकांचा हिंदी चित्रपट निघाला. तो पाहिलेल्या असंख्य प्रेक्षकांपैकी *दुविधा* पाहिलेले विरळाच.

कौल यांच्या *सतह से उठता आदमी* (१९८०) या चित्रपटाचा मराठी वाचकांशी एक वेगळाच अनुबंध आहे. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–६४) यांच्या हिंदी लेखनावर तो आधारलेला आहे. मुक्तिबोधांचे घराणे मराठी भाषक, त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील नामवंत कवी. कथा, कविता व वैचारिक गद्य यांची सरमिसळ असलेला हा चित्रपट १९८१ मध्ये कान महोत्सवात दाखविण्यात आला. एखाद्या लेखकाच्या विचारप्रक्रियेलाच चित्रपटाचा विषय करण्याचे हे धाडस भारतीय चित्रपटात दुर्मिळ आहे.

कुमार शहानी (१९४०–२०२४) यांनी पुण्यातील शिक्षणानंतर फ्रान्समध्ये रॉबेअर ब्रेसाँ यांच्या हाताखाली काम केले. इतिहासकार दा. ध. कोसंबी यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. निर्मल वर्मा यांच्या कथेवरील *माया दर्पण* (१९७२) या त्यांच्या पहिल्या कथापटास उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. क्षय पावत चाललेल्या जमीनदारी वाड्यात वडिलांच्या धाकात राहणाऱ्या तरन या अविवाहित कन्येची घुसमट त्यात संवादांपेक्षा रंगांच्या क्रमातून व्यक्त होते. या कृतीनंतर दुसरा कथापट *तरंग* (१९८४) करण्यासाठी शहानी यांना बारा वर्षे थांबावे लागले. एका समर्थ दिग्दर्शकाच्या उमेदीची बारा वर्षे अशी रिकामी जावीत, हा उपेक्षेचा न दिसणारा हिशेब होय. न पाहिलेल्या चित्रपटांइतकीच न निघालेल्या चित्रपटांची हानीही त्यात धरावी लागते.

या शैलीविषयी मतभेदही होते. सत्यजित राय यांनी १९७४ मध्ये लिहिलेल्या एका लेखात *माया दर्पण* व *दुविधा* यांवर कठोर टीका केली. तद्वतच, सार्वजनिक पैशातून निघालेले चित्रपट सामान्य प्रेक्षकाला दुर्बोध असावेत काय, असा आक्षेप वारंवार घेतला गेला. १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीनेही महामंडळाच्या कर्जधोरणावर टीका केली. हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तथापि जे चित्रपट पुरेसे दाखविलेच गेले नाहीत, त्यांच्या दुर्बोधतेचा निवाडा प्रेक्षकांनी केला, असेही म्हणता येत नाही.

*सत्तावीस डाऊन* : अवतार कृष्ण कौल यांचा *२७ डाऊन* (१९७४) हा रमेश बक्षी यांच्या हिंदी कादंबरीवर आधारलेला कृष्णधवल चित्रपट दुर्बोधतेच्या आक्षेपास मुळीच पात्र नाही. चित्रकलेचे शिक्षण सोडून वडिलांच्या आग्रहाखातर रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी धरणारा संजय, मुंबईच्या लोकलगाडीत त्याला भेटणारी शालिनी आणि वडिलांनी परस्पर ठरविलेले त्याचे लग्न अशी त्याची सरळ कथा आहे. संजय व शालिनी यांच्या भूमिका एम्. के. रैना आणि राखी यांनी केल्या आहेत. छायालेखक अपूर्व किशोर बीर तेव्हा अवघे बाविशीचे होते. खऱ्या गाड्यांत, फलाटांवर व गर्दीत घेतलेली त्यांची दृश्ये १९७० च्या दशकातील मुंबईचा अमोल दस्तऐवज ठरली आहेत. रिकाम्या फलाटावर येऊन थांबणाऱ्या गाडीतून माणसांचा लोंढा बाहेर पडतो आणि क्षणार्धात चौकट भरून जाते, हे दृश्य या शहराची लय कोणत्याही भाष्याविना सांगून जाते. या चित्रपटास उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि कृष्णधवल छायालेखनाचा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. परंतु पुरस्कार जाहीर होण्याच्या सुमारासच, जुलै १९७४ मध्ये, अवतार कौल मुंबईत समुद्रात बुडून मरण पावले. *२७ डाऊन* हा त्यांचा एकमेव कथापट ठरला.

दक्षिणेकडील चित्रपट : केरळमध्ये चित्रपटमंडळांची चळवळ अधिक खोलवर रुजल्यामुळे अशा कृतींना काहीसा अनुकूल प्रेक्षक लाभला. व्यंगचित्रकार म्हणून प्रसिद्ध असलेले जी. अरविंदन् (१९३५–९१) यांनी *कांचन सीता* (१९७७) या चित्रपटात रामायणातील पात्रांसाठी आंध्र प्रदेशातील चेंचू आदिवासींची योजना केली आणि सीतेला मानवी रूप न देता वारा, पाणी व पाने यांतून सूचित केले. *तंपू* (१९७८) मध्ये एका गावात येऊन मुक्काम हलविणाऱ्या सर्कशीचे चित्रण आहे. *कुम्माट्टी* (१९७९) मध्ये गावात येणारा एक गूढ जादूगार मुलांना प्राणी बनवितो. इतर मुले पूर्ववत होतात, पण कुत्रा झालेला एक मुलगा तसाच राहून जातो. अखेर माणूस झाल्यावर तो घरातील पिंजऱ्याचे दार उघडून पोपटाला सोडून देतो. बालकांसाठी असलेली ही कथा प्रौढांनाही अंतर्मुख करते.

जॉन एब्राहम (१९३७–८७) यांचा *अग्रहारत्तिल कळुदै* (१९७७) हा तमिळ चित्रपट ब्राह्मणवस्तीत वाढणाऱ्या एका गाढवाच्या निमित्ताने रूढींवर उपरोधिक प्रहार करतो. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही दूरदर्शनवरील त्याचे ठरलेले प्रक्षेपण रद्द झाले. त्यांचा *अम्म अरियान्* (१९८६) हा मल्याळम् चित्रपट निर्मितिपद्धतीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. ‘ओडेसा’ या गटाने गावोगावी चित्रपट दाखवून, लोकांकडून लहान लहान वर्गण्या गोळा करून तो उभा केला आणि व्यावसायिक वितरणाऐवजी खेडोपाडी खेळ केले. आत्महत्या केलेल्या तरुणाची वार्ता त्याच्या आईस कळविण्यासाठी निघालेल्या मित्राला वाटेत एकेक सोबती मिळत जातो, असे त्याचे स्वरूप आहे. पुढच्याच वर्षी जॉन यांचा अपघाती मृत्यू झाला.

मराठी चित्रपट : विजय तेंडुलकर यांच्या नाटकावरून सत्यदेव दुबे यांनी दिग्दर्शित केलेला *शांतता! कोर्ट चालू आहे* (१९७१) हा मराठीतील नवचित्रपटाचा आरंभीचा प्रयत्न होय. गोविंद निहलानी यांनी छायालेखक म्हणून यातून पदार्पण केले. मूळ नाटक आजही वाचले व खेळले जाते. चित्रपट मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही. *घाशीराम कोतवाल* (१९७६) हा चित्रपट पुण्याच्या संस्थेतील तरुणांनी स्थापन केलेल्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने निर्मिला. के. हरिहरन्, मणी कौल, सईद मिर्झा व कमल स्वरूप यांनी मिळून त्याचे दिग्दर्शन केले. तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि नाना फडणवीसांची भूमिका मोहन आगाशे यांनी केली. ओम पुरी यांचा हा पहिला चित्रपट. नाटकातील मानवी भिंतीची योजना टाळून त्यात सत्तेच्या इतिहासाची मांडणी दीर्घ, प्रवाही दृश्यांतून केली आहे. अनेक वर्षे जवळजवळ अदृश्य असलेल्या या मराठी चित्रपटाची प्रत बर्लिन येथील आर्सेनाल या संस्थेत टिकून राहिली व तीवरून त्याचे अंकीय पुनरुज्जीवन झाले. पेशवाईतील पुण्याविषयीचा, पुण्यातच शिकलेल्यांनी केलेला चित्रपट जर्मनीत जिवंत राहावा, यावरून जतनाचा प्रश्न स्पष्ट होतो. नचिकेत व जयू पटवर्धन यांचा *२२ जून १८९७* (१९७९) हा चाफेकर बंधूंनी केलेल्या रँडवधाविषयीचा चित्रपटही येथे उल्लेखनीय आहे. वीरकथेचा आवेश टाळून त्याने काळाचे तपशील, घरे, वेष व मनोवृत्ती यांतून घटना उभी केली आहे.

उपेक्षेची कारणे : या चित्रपटांच्या उपेक्षेस अनेक कारणे होती. वितरकांचे भांडवल तारेतारकांच्या चित्रपटांत गुंतलेले असे आणि अल्पसंख्य प्रेक्षकांसाठी लहान चित्रपटगृहे उपलब्ध नव्हती. प्रादेशिक भाषांतील चित्रपट परप्रांतात उपशीर्षकांवाचून समजत नसत. चित्रपटमंडळांचा वाटा मोलाचा असला, तरी त्यांचे सभासद मुख्यतः शहरी व मोजके होते. १९८० च्या दशकात दूरदर्शनने रविवारी दुपारी पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट दाखवून अनेकांना या प्रवाहाची पहिली ओळख करून दिली. पुढे वाहिन्यांच्या स्पर्धेत ही प्रथा क्षीण झाली. कमल स्वरूप यांचा *ओम दर-ब-दर* (१९८८) हा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या साहाय्याने निघालेला चित्रपट तर चित्रपटगृहांत रीतसर लागण्यास २०१४ साल उजाडले. मधल्या पंचवीस वर्षांत तो हस्ते-परहस्ते फिरणाऱ्या ध्वनिचित्रफितींवर टिकून राहिला.

जतन व पुनरुज्जीवन : चित्रपट ही नाशवंत वस्तू आहे. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेट फीत अत्यंत ज्वालाग्राही असते. तिच्या जागी आलेली ॲसिटेट फीत पेट घेत नाही. परंतु उष्ण व दमट हवेत तिचे विघटन होऊन ती आकसते व तिला शिर्क्यासारखा आंबट वास येऊ लागतो. रंगीत प्रतींतील रंग काळाच्या ओघात उडून जातात. ज्या चित्रपटाच्या मोजक्याच प्रती निघाल्या, त्याच्या बाबतीत एक प्रत खराब होणे म्हणजे चित्रपटच नाहीसा होणे होय. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या संस्थेच्या आवारातील कोठारास लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे आद्य संग्राहक पी. के. नायर (१९३३–२०१६) यांनी लोकप्रिय व उपेक्षित असा भेद न करता मिळेल तो चित्रपट जमविला. त्यांच्या या दृष्टीचे महत्त्व पुढे प्रत्ययास आले. *कुम्माट्टी*चे मूळ ऋणचित्र उपलब्ध नसल्याने संग्रहालयातील प्रतींच्या आधारे त्याचे पुनरुज्जीवन करावे लागले. २०१४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने परदेशी संस्थांच्या सहकार्याने हे काम २०२१ मध्ये पूर्ण केले. त्यानंतर पुनरुज्जीवित *तंपू* २०२२ च्या, तर अरिबम स्याम शर्मा यांचा *इशानौ* (१९९०) हा मणिपुरी चित्रपट २०२३ च्या कान महोत्सवात दाखविण्यात आला. तत्पूर्वी घटक यांचा बांगला देशात चित्रित झालेला *तिताश एकटि नदीर नाम* (१९७३) याचेही २०१० मध्ये पुनरुज्जीवन झाले होते. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण करण्यात आले.

मूल्यमापन : उपेक्षित म्हणून प्रत्येक कृती श्रेष्ठ ठरत नाही. या प्रवाहातही कृत्रिम, परप्रभावित आणि कंटाळवाणे चित्रपट निघाले. तथापि वर उल्लेखिलेल्या कृतींनी भारतीय चित्रपटास प्रतीक्षा, शांतता, परिसर, यंत्राचा आवाज, गर्दीची लय अशी नवी सामग्री दिली आणि कथा सांगण्याच्या देशी परंपरांचा दृश्यरूपात पुनर्विचार केला. नंतरच्या दिग्दर्शकांनी, जाहिरातकारांनी आणि लोकप्रिय चित्रपटांच्या छायालेखकांनीही त्यांच्यापासून पुष्कळ घेतले. प्रेक्षकांनी पाहिले नसले, तरी या चित्रपटांचा प्रभाव अशा अप्रत्यक्ष मार्गाने त्यांच्यापर्यंत पोहोचत राहिला आहे. पुस्तक न वाचताही ग्रंथालयात टिकून राहते आणि पुढील पिढीच्या वाचकाची वाट पाहू शकते. चित्रपटाला तेवढा अवधी नसतो. तो पाहिला जाण्याची मागणी असेल, तरच त्याची नवी प्रत निघते. म्हणूनच या कृतींच्या बाबतीत आस्वाद आणि जतन ही दोन वेगळी कार्ये राहत नाहीत.